दोन कार्यप्रणालींचा संसार
लॅपटॉपमध्ये दुसरी कार्यप्रणाली बसवताना यंत्र अडले, तर काय करावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नेहमीचा पाठपुरावा थांबवला, आणि अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहिला : कपाटातला लॅपटॉप अद्याप धडधाकट आहे, त्याचा पडदा स्वच्छ आहे, कळा झिजलेल्या नाहीत, मग तो टाकून द्यावयाचा की काय? विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली होती. तिच्यानंतर ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने यंत्राकडून काही नव्या अपेक्षा ठेवल्या. टीपीएम २.० ही सुरक्षा-योजना यंत्रात हवी. प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. त्यामुळे काल-परवापर्यंत बिनतक्रार चालणारी पुष्कळ यंत्रे एकाएकी अपात्र ठरली.

म्हैसूरसारख्या नगरात हा प्रश्न विशेष जाणवण्याजोगा आहे. १९१६ साली येथे विद्यापीठ स्थापन झाले. १९४६ साली अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९६९ साली भारतीय भाषांची केंद्रीय संस्था आली. आणि चालू शतकात इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण-केंद्र झाले. अशा विद्यानगरीत नोकरी-शिक्षणानिमित्त नाना प्रांतांतली कुटुंबे येऊन राहतात आणि घरोघरी एखादा तरी विद्यार्थी असतो. पूर्वी थोरल्याची पाठ्यपुस्तके धाकट्याकडे येत; आता थोरल्याचा लॅपटॉप धाकट्या बहिणीकडे येतो. त्या यंत्राला दुसरे आयुष्य देण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे विंडोजच्या शेजारी लिनक्स कुटुंबातील एखादी प्रणाली बसवणे. विंडोज मोडावयाची नाही. एकाच घरात दोघींनी नांदावयाचे.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सिद्ध केला. त्यावर डेबियन, उबंटू, फेडोरा, मिंट अशी अनेक वितरणे उभी राहिली. आपल्या देशात सी-डॅक या शासकीय संस्थेने डेबियनच्या आधारावर ‘बॉस’ हे वितरण भारतीय भाषांच्या सोयींसह तयार केले. केरळ राज्यात तर शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त प्रणालींवरच दिले जाते. तेव्हा हा मार्ग केवळ हौशी तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

परंतु या संसाराच्या पहिल्याच दिवशी पुष्कळदा कुरबुर होते. रविवारी दुपारी मुलगा उत्साहाने प्रणाली बसवतो, यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो, आणि समोर काळा पडदा! त्यावर इंग्रजीत एक ओळ, किंवा तीही नाही. घरात घबराट होते. आईने जपलेली दहा वर्षांची छायाचित्रे, वडिलांचे कराचे कागद, ताईचा अर्धवट प्रबंध, सारे त्यातच असते. मग कोणी तरी यंत्र दुकानात नेतो आणि तेथे उत्तर मिळते, “सगळे पुसून नव्याने भरावे लागेल.” येथेच खरे नुकसान होते. कारण सुरू न होणाऱ्या यंत्रातील सामग्री बहुतेक वेळा जागच्या जागी सुरक्षित असते. बिघडलेली असते ती फक्त तिच्याकडे नेणारी वाट. ती वाट कशी असते आणि कोठे तुटते, हे समजून घेतले, तर पुसण्याची पाळी क्वचितच येईल.

यंत्र जागे होते कसे?

कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत चार जण एकामागून एक काम हाती घेतात. पहिला म्हणजे यंत्राच्या मुख्य पाटावर कायम वास करणारा फर्मवेअर. तो स्मृती, कळफलक, डिस्क यांची विचारपूस करतो आणि कार्यप्रणाली कोठे आहे ते शोधतो. दुसरा बूटलोडर, हा छोटा कार्यक्रम कोणती प्रणाली सुरू करावयाची ते ठरवतो. लिनक्सच्या बाबतीत याचे प्रचलित नाव ‘ग्रब’ असे आहे. तिसरा प्रणालीचा गाभा, आणि चौथा आपल्याला दिसणारा पडदा, ज्यावर आपण नाव व परवलीचा शब्द लिहितो. प्रत्येकाने आपले काम संपवून पुढच्याच्या हाती सोपवावयाचे असते. यातील एक हात सुटला की यंत्र अडते.

जुन्या यंत्रांतील फर्मवेअरला बायोस म्हणत. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकापासून ती पद्धत रूढ झाली. बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो. त्यातील जेमतेम ४४६ बाइट बूटलोडरच्या वाट्याला येतात. इतक्या लहान ओसरीवर दोन प्रणालींना एकाच वेळी बसता येत नसे. जी नंतर येई ती पहिलीला उठवी. ‘विंडोज पुन्हा भरली आणि लिनक्स नाहीशी झाली’ ही जुनी तक्रार त्यातूनच निर्माण झाली.

नंतर यूईएफआय नावाची नवी पद्धत आली. तिचा सांभाळ करणारे मंडळ २००५ साली स्थापन झाले. या पद्धतीत डिस्कवर एक छोटा स्वतंत्र विभाग राखलेला असतो. त्यास ईएफआय विभाग म्हणतात. त्यात प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर आपापल्या खणात सुखाने राहतो आणि त्यांची क्रमवार यादी फर्मवेअरच्या स्मरणात असते. म्हणजे दोघींना एकाच घरात स्वतंत्र खोल्या मिळाल्या. अलीकडच्या बहुतेक सर्व लॅपटॉपांत हीच पद्धत आहे, आणि म्हणून आजच्या बहुतेक अडचणी प्रणाली पुसली गेल्याच्या नसून यादी, क्रम किंवा परवानगी यांच्या असतात.

आरंभी करावयाची तयारी

चांगली गृहिणी पाहुणे येण्याआधी घर आवरते. त्याचप्रमाणे दुसरी प्रणाली आणण्याआधी पाच कामे करून ठेवावीत.

पहिले, सर्व महत्त्वाच्या सामग्रीची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती डिस्क यंत्रापासून सोडवून बाजूला ठेवावी. प्रत काढली म्हणजे काम संपले असे नव्हे. दुसऱ्या एखाद्या यंत्रावर त्यातील चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात.

दुसरे, विंडोजने डिस्कला कुलूप लावले आहे काय ते पाहावे. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने हे कुलूप असते आणि नव्या यंत्रांत ते पुष्कळदा मालकाच्या नकळत चालू झालेले असते. त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली ४८ अंकांची असते. विंडोजच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सहसा जपलेली सापडते. ती कागदावर उतरवून घ्यावी, अंक दोनदा ताडून पाहावेत आणि कागद घरातील दस्तऐवजांत ठेवावा. ही किल्ली हरवली, तर कोणताही कारागीर ते कुलूप उघडू शकणार नाही. या लेखातील एकच सूचना पाळावयाची झाली, तर ती ही पाळावी.

तिसरे, विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. ती चालू असताना विंडोज खरोखर बंद होत नाही; अर्धवट झोपते आणि आपला विभाग अडवून ठेवते. मग लिनक्समधून त्या विभागात काही लिहिता येत नाही. ही सोय नियंत्रण-पटलातील वीज-विषयक पर्यायांत, वीजकळीने काय करावे ते ठरवणाऱ्या पानावर असते.

चौथे, नव्या प्रणालीसाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंट या साधनाने मोकळी करावी. उबंटूसारख्या वितरणाला किमान २५ गिगाबाइट जागा लागते. ४० ते ५० असल्यास कुचंबणा होत नाही. मोकळी केलेली जागा तशीच रिकामी सोडावी.

पाचवे, यंत्र यूईएफआय पद्धतीने चालते की जुन्या बायोस पद्धतीने, हे विंडोजच्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’ या खिडकीत ‘बायोस मोड’ या ओळीवर पाहून वहीत लिहून ठेवावे. विंडोज ज्या पद्धतीने बसली आहे, त्याच पद्धतीने लिनक्स बसवली पाहिजे. एक यूईएफआय आणि दुसरी जुन्या पद्धतीची, असा जोडा जमत नाही. एकीतून दुसरीकडे जाण्याचा मार्गच सापडत नाही.

यानंतर पेनड्राइव्हवर लिनक्सची प्रतिमा उतरवावी आणि ती आधी न बसवता नुसती चालवून पाहावी. वायफाय लागते का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, हे तासाभरात कळते. प्रत्यक्ष बसवताना चार्जर जोडलेला असू द्यावा. तसेच डिस्कचे विभाग स्वतः निवडणार असाल, तर ईएफआय विभाग वापरावा, पण तो कोरा करण्याची खूण करू नये. ती खूण केली, तर विंडोजचा बूटलोडर त्याच क्षणी पुसला जाईल.

पडदा काय सांगतो?

एवढे करूनही अडचण आली, तर पडद्यावरची ओळ अक्षरशः उतरवून घ्यावी किंवा तिचे छायाचित्र काढावे. ‘काही तरी इंग्रजीत आले होते’ या वाक्यावर कोणालाही औषध सांगता येत नाही. ओळ नेमकी हाती असेल, तर चारपैकी कोणाचा हात सुटला ते ताबडतोब कळते. पुढील प्रसंग नेहमीचे आहेत.

*पेनड्राइव्हवरून यंत्र सुरूच होत नाही.* हा दोष पहिल्या टप्प्यातला आहे. यंत्र चालू होताच बूट-सूचीची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या पुष्कळ यंत्रांत ती एफ १२, एचपीत एफ ९, एसुसमध्ये एस्केप असते. एसरमध्येही ती एफ १२ आहे. मात्र ती अनेकदा आधी फर्मवेअरच्या मांडणीत जाऊन चालू करावी लागते. सूचीत पेनड्राइव्ह दिसतच नसेल, तर प्रतिमा सदोष उतरली असण्याचा संभव आहे. ती पुन्हा उतरवावी आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावून पाहावा.

*लिनक्सच्या मांडणीला डिस्कच दिसत नाही.* पेनड्राइव्हवरून सारे चालते, पण बसवण्याची वेळ आली की डिस्क गायब! इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी या योजनेखाली डिस्क झाकली गेली, म्हणजे असे होते. फर्मवेअरमध्ये ती योजना बंद करून एएचसीआय पद्धत निवडावी लागते. पण हे थेट केले, तर विंडोज उठणार नाही. म्हणून आधी विंडोजला पुढच्या वेळी ‘सेफ मोड’मध्ये उठण्याची सूचना द्यावी, मग फर्मवेअरमध्ये बदल करावा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उठू द्यावी आणि नंतर ती सूचना काढून घ्यावी. कुलपाची किल्ली या वेळी हाताशी असावी.

*सर्व काही बसले, पण यंत्र सरळ विंडोजमध्येच जाते.* येथे काहीही बिघडलेले नाही. केवळ यादीत विंडोजचे नाव वर आहे. फर्मवेअरच्या मांडणीत बूट-क्रम पाहावा आणि लिनक्सचे नाव वर न्यावे. काही यंत्रे क्रम बदलला तरी हट्टाने विंडोजलाच आधी हाक मारतात. एसरच्या काही यंत्रांत फर्मवेअरला पर्यवेक्षकाचा परवलीचा शब्द दिल्यानंतरच लिनक्सच्या बूटलोडरची फाइल विश्वासू म्हणून नोंदवता येते. तो शब्द मात्र वहीत लिहावयास विसरू नये.

*ग्रबच्या सूचीत विंडोजचे नाव नाही.* विंडोज नाहीशी झाली असे समजून पुष्कळजण येथे हाय खातात. वस्तुतः २०२१ साली आलेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून शेजारच्या प्रणाली शोधण्याचे काम सुरक्षिततेसाठी मुळातच बंद ठेवलेले असते. ग्रबच्या मांडणीच्या फाइलीत ‘ओएस-प्रोबर’ संबंधीची एक ओळ बदलून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली, की विंडोज पुन्हा सूचीत येते. तोपर्यंत फर्मवेअरच्या बूट-सूचीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडून काम चालवता येते.

*पडद्यावर नुसते ‘ग्रब’ किंवा ‘ग्रब रेस्क्यू’ ही अक्षरे लुकलुकतात.* दुसरा गडी जागेवर आहे, पण त्याला आपली वही सापडत नाही, असा याचा अर्थ. कोणी तरी विंडोजमधून लिनक्सचा विभाग पुसला किंवा विभागांची हलवाहलव केली, की असे होते. यूईएफआय यंत्रात बूट-सूचीतून विंडोज निवडल्यास ती बहुधा मुकाट्याने उठते. लिनक्सचा विभाग शाबूत असेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून ‘बूट-रिपेअर’ या साधनाने ग्रब पुन्हा बसवता येतो. मात्र पेनड्राइव्हही मूळच्याच पद्धतीने, म्हणजे यूईएफआय असेल तर यूईएफआयनेच, सुरू केलेला असावा. लिनक्स काढून टाकावयाची असल्यास प्रथम विंडोजला क्रमात वर आणावे आणि मगच विभागाला हात लावावा.

*ग्रबची सूची येते, लिनक्स निवडली की पडदा काळा होतो.* वाट ठीक आहे. चित्र दाखवणाऱ्या भागाशी गाभ्याचे जमत नाही. ग्रबच्या सूचीत लिनक्सच्या नावावर असताना ‘ई’ हे अक्षर दाबावे, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा इंग्रजी शब्द सलग लिहावा आणि एफ १० दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. पडदा उजळला, तर चित्रपत्रिकेचा योग्य चालक-कार्यक्रम भरून दोष कायमचा दूर करता येतो. एनव्हिडियाचा चालक भरताना प्रणाली एक परवलीचा शब्द मागते आणि पुढच्या वेळी ‘मॉक’ नावाचा निळा पडदा येतो. तेथे घाईने पुढे न जाता ‘एनरोल मॉक’ निवडून तोच शब्द द्यावा. नाही तर चालक भरूनही निरुपयोगी राहतो.

*विंडोजने ४८ अंकी किल्ली मागितली.* फर्मवेअरमध्ये बदल झाल्याचे पाहून विंडोजच्या कुलपाला संशय आला, एवढाच याचा अर्थ. दस्तऐवजांतील तो कागद काढावा आणि अंक भरावेत. ज्यांनी कागद केला आहे, त्यांच्यासाठी हे पाच मिनिटांचे काम आहे.

*दोन्ही प्रणाली चालतात, पण घड्याळ साडेपाच तास चुकते.* हा दोष निरुपद्रवी आहे आणि त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहून ठेवते, तर विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्या देशात फरक नेमका तेवढाच पडतो. लिनक्सला स्थानिक वेळ मानण्याची सूचना एका आज्ञेने देता येते. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करण्याची प्रथा नसल्याने या उपायाचा काही त्रास होत नाही.

ऑगस्ट २०२४ चा धडा

कधी कधी घरमालकाने काहीही केलेले नसते आणि तरी यंत्र अडते. ऑगस्ट २०२४ मध्ये असेच झाले. ती हकीगत समजण्यासाठी ‘सिक्युअर बूट’ म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे.

विंडोज ८ बरोबर, २०१२ साली, ही व्यवस्था घरोघरी आली. फर्मवेअर दाराशी उभा राहून प्रत्येक बूटलोडरची सही तपासतो. सही ओळखीची नसेल, तर आत घेत नाही. यंत्र जागे होण्याआधीच त्यात शिरणाऱ्या घातकी कार्यक्रमांना अटकाव करणे, हा त्यामागील हेतू. बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टची सही मानली जाते. म्हणून लिनक्सच्या प्रमुख वितरणांनी ‘शिम’ नावाचा एक छोटा दुवा तयार केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि तो पुढे ग्रबची ओळख पटवतो.

पण सही असलेल्या जुन्या ग्रबमध्येच उणिवा सापडल्या, तर? अशा आवृत्त्यांना एकत्रितपणे बाद ठरवण्यासाठी ‘एसबॅट’ नावाची योजना आहे. १३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजच्या मासिक सुधारणेबरोबर बाद आवृत्त्यांची नवी मर्यादा यंत्रांत लिहिली गेली. ज्या यंत्रांत विंडोजबरोबर लिनक्सही आहे, तेथे हा बदल लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. प्रत्यक्षात काही प्रकारे बसवलेल्या दुहेरी प्रणाली त्या सुधारणेला ओळखता आल्या नाहीत. परिणामी जगभरच्या अनेकांनी यंत्र चालू केले तेव्हा लिनक्सऐवजी ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश आला. काही तरी गंभीर बिघडले आहे असे वाक्य झळकले आणि यंत्र बंद पडले.

संदेश भयंकर होता. पण त्या बदलाने डिस्कवरील सामग्रीला हात लावलेला नव्हता. दारावरच्या पहारेकऱ्याला नवा हुकूम मिळाला होता आणि त्याने घरच्याच माणसाला अडवले होते. उपायही तितकाच सरळ होता : फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्स सुरू करावी, एका आज्ञेने नवी मर्यादा काढून टाकावी, लिनक्स पुन्हा एकदा सुरू करावी आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे. मायक्रोसॉफ्टने पुढे दोष मान्य केला आणि मे २०२५ च्या सुधारणांत तो संपूर्ण निवारला. ज्यांनी भयाने डिस्क पुसली, त्यांनी मात्र जे गेलेच नव्हते ते स्वहस्ते घालवले.

यातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. दोन्ही प्रणालींच्या सुधारणा वेळच्या वेळी घेत जाव्यात. एक नवी आणि दुसरी दोन वर्षे जुनी, असे होऊ देऊ नये. आणि दाराशी अडलेले यंत्र म्हणजे जळालेले घर नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

दुरुस्तीची शिस्त

वैद्य एकाच वेळी दहा औषधे देत नाही. फर्मवेअरमध्ये गेल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलण्यापूर्वीची स्थिती वहीत लिहावी आणि यंत्र सुरू करून परिणाम पाहावा. लाभ झाला नाही, तर ती गोष्ट पूर्ववत करून मगच दुसरीकडे वळावे. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुरू झाले तरी कशाने झाले ते कळत नाही, आणि बिघडले तर परत कोठे जावे तेही कळत नाही.

प्रत्येक घराने दोन पेनड्राइव्ह वेगळे राखून ठेवावेत : एकावर लिनक्स आणि दुसऱ्यावर विंडोजची मांडणी, जिच्यासाठी किमान ८ गिगाबाइट जागा लागते. यंत्र कितीही रुसले, तरी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून काम सुरू करता येते आणि आतील छायाचित्रे, कागद बाहेर काढून घेता येतात. डिस्कला कुलूप असल्यास त्यासाठीही तीच किल्ली लागते. दुकानात यंत्र न्यावेच लागले, तर “आधी सामग्री काढून द्या, मग काय ते करा,” हे वाक्य स्पष्ट शब्दांत, शक्यतो लिहून द्यावे.

कधी थांबावे, हेही समजले पाहिजे. घरात एकच लॅपटॉप असेल आणि परीक्षा पंधरा दिवसांवर असेल, तर हा प्रयोग सुट्टीपर्यंत पुढे ढकलावा. केवळ शिकण्याची जिज्ञासा असेल, तर व्हर्च्युअल बॉक्ससारख्या साधनाने विंडोजच्या आतच लिनक्स चालवता येते. त्यात बूटलोडरला हातच लागत नाही. मुंबईच्या आयआयटीने चालवलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्सविषयीचे पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात. ज्यांना इंग्रजी मदतपुस्तकांची धास्ती वाटते, त्यांनी तेथून आरंभ करावा.

भाषेविषयी शेवटी थोडे सांगणे अवश्य आहे. यंत्राचे संदेश इंग्रजीत असतात आणि त्यामुळे घरातील वडीलधारी माणसे ते न वाचताच मुलांच्या स्वाधीन करतात. मुलेही पुष्कळदा न वाचताच कळ दाबतात. पण हे संदेश काही काव्य नव्हे. त्यांत पाच-सहाच शब्द फिरून फिरून येतात. ‘डिव्हाइस’ हा शब्द आला की डिस्ककडे पाहावे, ‘पॉलिसी’ आला की सहीकडे, ‘ग्रब’ आला की बूटलोडरकडे, ‘रिकव्हरी की’ आली की कागदाकडे. एवढा कोश आजीलाही सांगता येईल. आणि घाबरलेल्या नातवाला “थांब, आधी वाच काय म्हणते आहे ते,” असे सांगावयास संगणकाची पदवी लागत नाही.

जुनी वस्तू जपून वापरणे आणि मोडली तर सांधणे, हा आपल्या कुटुंबांचा पूर्वापार गुण आहे. शिवणयंत्र असो, रेडिओ असो, सायकल असो, ती उघडून पाहणारा कोणी तरी प्रत्येक घरात असे. लॅपटॉपच्या बाबतीतही तो गुण टिकवता येईल. त्यासाठी फार विद्वत्ता नको. प्रत काढलेली असावी, किल्ली लिहिलेली असावी, संदेश वाचलेला असावा, आणि पुसण्याची घाई नसावी. इतके सांभाळले, तर थोरल्याचा लॅपटॉप धाकटीच्या हाती नीट पडेल, आणि आईची छायाचित्रेही जेथल्या तेथे राहतील.